कलासंस्थेच्या सभागृहात उद्योजकांची मासिक संध्याकाळ भरवावी का, आणि भरवल्यास कशी?

सहकार्यवाह, मिरज (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मिरजेतील एका लहान संगीत-नाट्य संस्थेचा मी सहकार्यवाह आहे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असून दीडशे खुर्च्यांचे सभागृह, मागे दोन वर्गखोल्या आणि पुढे रुंद व्हरांडा एवढी तिची स्वतःची वास्तू आहे. शनिवार-रविवारी मैफल, प्रयोग किंवा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असतो. इतर दिवशी वर्गखोल्यांत गायन-तबल्याचे वर्ग चालतात, सभागृह मात्र बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद राहते. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील काही लघुउद्योजक, शहरातील मुद्रक आणि रुग्णालयांना साहित्य पुरवणारे काही व्यापारी यांनी मिळून आमच्याकडे प्रस्ताव दिला आहे की, महिन्यातून एका संध्याकाळी हे सभागृह त्यांना द्यावे, तेथे स्थानिक व्यावसायिकांच्या गाठीभेटी व्हाव्यात आणि संस्थेच्याही पदरी काही पडावे.

या प्रस्तावावरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. ज्या रंगमंचावर तंबोरे जुळतात तेथे दरपत्रकांची भाषा नको, असे काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे. तर छपराच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी देणगीदारांच्या दारात उभे राहण्यापेक्षा हे बरे, असे इतरांना वाटते. माझा कल होकाराकडे आहे. परंतु अशा नावाखाली होणारे मेळावे मी पाहिलेले आहेत. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि दोन लांबलचक भाषणे यांत सारा वेळ जातो, आणि जे लोक एकमेकांना भेटायला आलेले असतात ते जेवणाच्या रांगेत घाईघाईने कार्डे बदलून घरी जातात. कलावंताला सुरुवातीला स्वागतगीतापुरते बोलावले जाते आणि नंतर त्याला कोणी विचारत नाही. हे दोन्ही टाळून संध्याकाळ कशी आखावी, शुल्क कोणी व कोणाकडून घ्यावे, न्यास म्हणून आमच्यावर कोणती बंधने येतात आणि कलावंतांना त्यात खरे स्थान कसे देता येईल, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

गाळा क्रमांक सात

सहकार्यवाह साहेब, माझा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे आणि अशा बैठकांना मी नियमित जात आलो आहे, म्हणून रचनेबद्दल लिहितो.

सकाळी लवकर भरणाऱ्या, एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य घेणाऱ्या बैठका आता सर्वांच्या परिचयाच्या आहेत. बीएनआय ही १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था याच नियमावर चालते. एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी ही कल्पना त्याहून जुनी असून १९०५ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या रोटरीत ती आरंभापासून होती. तिचे सभासद पाळीपाळीने एकमेकांच्या कचेऱ्यांत जमत, त्यावरूनच संस्थेला नाव पडले. मराठी उद्योजकांपुरते बोलायचे तर माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबने अशा बैठकांची सवय अनेक शहरांत लावली. या सर्वांकडून शिस्त अवश्य घ्यावी, पण एका व्यवसायाला एकच जागा हा नियम मिरजेसारख्या गावात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या धंद्यात ज्याला स्पर्धक म्हणतात तोच अनेकदा कामाचा पहिला आधार असतो. माझ्याकडे मागणी अंगावर येते तेव्हा जादा काम मी शेजारच्या टर्निंगवाल्याकडेच पाठवतो. त्याला बैठकीबाहेर ठेवले तर माझीच अडचण होईल.

तसेच, प्रत्येकाने प्रत्येक वेळी दुसऱ्यासाठी काम आणलेच पाहिजे असे बंधन घातले की लोक हजेरी भरण्यापुरती नावे देऊ लागतात. त्या नावांना फोन केला तर समोरच्याला कशाचाच पत्ता नसतो.

प्रत्यक्षात असे करावे. पस्तीस-चाळीस माणसांपेक्षा अधिक बोलावू नयेत, खुर्च्या रांगेत न मांडता सहा-सात जणांच्या गोलात मांडाव्यात आणि प्रत्येकाला एक मिनिट द्यावे. मात्र त्या मिनिटात स्वतःचा इतिहास सांगायचा नाही. फक्त दोन गोष्टी सांगायच्या, माझ्याकडे काय रिकामे आहे आणि मला काय मिळत नाही. ‘माझे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारे, यंत्र दुसऱ्या पाळीत मोकळे असते आणि दोनशे मिलिमीटर व्यासापर्यंतचे काम मी घेऊ शकतो, गिअरचे दाते पाडण्यासाठी मात्र मला माल कोल्हापूरला पाठवावा लागतो, ते काम येथे कोणी करते का?’ असे कोणी विचारले की त्या गोलातील किंवा शेजारच्या गोलातील एखादा तरी हात वर करतो. ‘आम्ही दर्जेदार सेवा वाजवी दरात देतो’ या वाक्याने असा हात कधीच वर होत नाही. व्हरांड्यात एक फळा ठेवून त्यावर ‘हवे आहे’ आणि ‘देऊ शकतो’ असे दोन रकाने आखले, तर जे बोलायला बुजतात त्यांचीही सोय होते.

प्रमुख पाहुणा नको. एखादा विषय मांडणारा माणूस हवा असेल तर तो वीस मिनिटांचा, आणि विषय थकलेल्या उधारीसारखा रोजच्या जिव्हाळ्याचा असावा.

जमाखर्च

मी पुण्यात करसल्लागार असून काही न्यासांचे हिशेब पाहतो. न्यासाच्या बाजूने लिहितो.

पहिला प्रश्न हा की, कार्यक्रम संस्थेचा की संस्थेने केवळ जागा दिली? माझ्या मते निदान पहिल्या वर्षी आपण केवळ जागा द्यावी, लेखी परवानगीपत्र करावे, भाडे व अनामत बँकेमार्फत घ्यावी आणि सहभागींचे प्रवेशशुल्क, चहा, निमंत्रणे हे सर्व त्या उद्योजकांनी आपसांत पाहावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एका संध्याकाळच्या वापराला तो नियम लागू होत नाही. तरीही कार्यकारिणीचा ठराव इतिवृत्तात असू द्यावा.

आयकराच्या दृष्टीने संगीत-नाटकाचा प्रसार सामान्यतः ‘सार्वजनिक हिताचे इतर उद्दिष्ट’ या वर्गात धरला जातो. १९६१ च्या कायद्यातील कलम २(१५) ने अशा न्यासांच्या व्यापारी स्वरूपाच्या जमेवर त्या वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने आपल्या लेखापरीक्षकांकडून त्यातील तरतूद तपासून घ्यावी, पण महिन्याला एका संध्याकाळचे भाडे आपल्या वर्षाच्या जमेत कितीसे भरते हे आजच कागदावर मांडून पाहता येईल. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवांच्या बाबतीत वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. ही उलाढाल मोजताना करमुक्त सेवांची रक्कमही त्यात धरली जाते, हे बऱ्याच संस्थांच्या लक्षात येत नाही. नोंदणी असेल तर सभागृहाच्या भाड्यावर १८ टक्के कर येतो.

देणगी आणि प्रायोजकत्व यांची गल्लत मात्र करू नये. एखाद्या कारखानदाराने छपरासाठी रक्कम दिली आणि आपण कृतज्ञता म्हणून त्याच्या नावाची पाटी लावली, तर ती देणगीच राहते. पण त्याच रकमेच्या बदल्यात त्याच्या मालाची जाहिरात करणारा फलक रंगमंचावर लागला, तर तो मोबदला झाला, आणि त्याला देणगीची करसवलतीची पावती देता येणार नाही.

ध्वनिमुद्रित गाणी लावण्याचा मोह टाळावा. लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्यात जी सवलत आहे ती व्यावसायिक मेळाव्याला नाही, त्यामुळे हक्कधारक संस्थांचे परवाने घ्यावे लागतात. पारंपरिक बंदिशी प्रत्यक्ष गायल्या किंवा वाजवल्या तर हा प्रश्न उद्भवत नाही, आणि आपल्या संस्थेत त्यासाठी बाहेरून कोणाला आणावे लागेल असेही नाही!

गाळा क्रमांक सात यांनी थकलेल्या उधारीचा उल्लेख केला, तो विषय पहिल्याच संध्याकाळी घ्यावा असे मी सुचवेन. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देणे लागते. हा नियम अनेक वर्षे कागदावरच होता. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की, मुदतीत न दिलेली रक्कम पुरवठादाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला ती खर्च म्हणून वजा मिळत नाही. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांचे हिशेब विभाग स्वतःहून पुरवठादारांकडे उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक मागू लागले. ही नोंदणी विनामूल्य आहे, तरी तिच्यासाठी मध्यस्थांना पैसे मोजणारे लोक मला आजही भेटतात. मात्र केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबतचे हे संरक्षण नाही, हे रुग्णालयांना माल पुरवणाऱ्या आपल्या मित्रांना आधीच सांगावे, नाहीतर त्यांचा विनाकारण हिरमोड होईल.

तारीख ठरवताना महिन्याची ११ आणि २० या वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांच्या तारखा टाळाव्यात. २२ नंतरची संध्याकाळ सोयीची.

नेपथ्यवाला, सांगली

मी तीस वर्षांहून अधिक काळ पडद्यामागे काम करतो, त्यामुळे वास्तूची काळजी मला आधी वाटते. पण त्याआधी आपल्या ज्येष्ठ सभासदांसाठी एक गोष्ट. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये तो आश्रय सुटल्यावर भाव्यांची मंडळी दौऱ्यावर निघाली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागली. पुढच्या सगळ्या नाटक कंपन्यांनी गावोगावच्या पेढीवाल्यांशी, कापडवाल्यांशी आणि रॉकेलवाल्यांशी व्यवहार करूनच आपली बिऱ्हाडे चालवली. त्यामुळे दरपत्रकाने रंगमंच विटाळतो हे म्हणणे निदान आमच्या जिल्ह्यात तरी कोणी करू नये.

विटाळतो तो तेलाने. कांदाभजी सभागृहात आली की दुसऱ्या दिवशी फळ्यांवर डाग आणि तिसऱ्या दिवशी नर्तिकेचा पाय घसरलेला, हे मी पाहिले आहे. खाणेपिणे व्हरांड्यातच ठेवावे आणि हे परवानगीपत्रात लिहावे. रंगमंचावर चपला-बुटांनी कोणी चढू नये, विंगांना खिळे ठोकून फलक लावू नयेत, दिव्यांच्या दांड्यांना काहीही बांधू नये. चहाची विजेची भांडी प्रकाशयोजनेच्या जोडणीवर लावू नयेत, कारण तो भार वेगळ्या हिशेबाने धरलेला असतो. तालमीचे वेळापत्रक आधी आणि उद्योजकांची तारीख नंतर, हा क्रम मोडू नये. राज्य नाट्यस्पर्धेच्या आधीच्या दिवसांत तर सभागृह मुळीच देऊ नये.

आता ज्याचा विचार अशा वेळी कोणीच करत नाही ते सांगतो. मैफलीसाठी बांधलेले सभागृह हे एका माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा म्हणून घडवलेले असते. तेथे चाळीस माणसे एकाच वेळी बोलू लागली की प्रत्येकाचा आवाज सगळीकडे पोहोचतो, मग प्रत्येक जण वरच्या पट्टीत बोलतो आणि अर्ध्या तासात शेजारच्याचेही ऐकू येईनासे होते. अशा वेळी संयोजक ध्वनिक्षेपक हाती घेतात आणि गोंगाटात भर घालतात. यावर उपाय सोपा आहे. मुख्य पडदा ओढून ठेवावा, खुर्च्यांखाली सतरंज्या अंथराव्यात, सभागृहात चारच गोल बसवावेत आणि उरलेले व्हरांड्यात व रिकाम्या वर्गखोलीत पाठवावेत. वीस मिनिटांनी माणसांनी जागा बदलायच्या, आणि ते कळवण्यासाठी टाळांची एक जोडी पुरेशी आहे.

खुंटी

मी मिरजेत तंतुवाद्ये बनवतो. वरचे सर्व वाचले आणि सहकार्यवाहांच्या शेवटच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही असे वाटले, म्हणून लिहीत आहे.

कलावंताला स्थान कसे द्यावे, असे विचारताना तो आणि व्यावसायिक हे दोन वेगळे लोक आहेत असे आपण गृहीत धरता. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला ते त्याआधीच मिळालेले आहे. बेदाणा आणि हळद यांना आपण धंदा म्हणतो आणि तंबोऱ्याला परंपरा म्हणतो. मला भोपळे पंढरपूरच्या बाजूने आणावे लागतात, ते वाळवून साठवायला जागा लागते, लाकडात पैसे अडकतात, कारागिराला आठवड्याला मजुरी द्यावी लागते आणि गिऱ्हाईक मात्र मैफलीचे मानधन मिळाल्यावर देतो म्हणून सांगते. याला उद्योग नाही तर काय म्हणावे?

मला अशा संध्याकाळी काय हवे आहे ते गाळा क्रमांक सात यांच्याच पद्धतीने सांगतो. तंबोरा परगावी पाठवताना भोपळ्याला तडा जाण्याची भीती असते. आम्ही गवत, चिंध्या आणि लाकडी खोके वापरतो, त्याचे वजन इतके होते की वाहतुकीचा खर्च अंगावर येतो. मला भोपळ्याच्या आकाराचा फोमचा साचा आणि जाड पुठ्ठ्याचे खोके कमी संख्येत बनवून देणारा माणूस हवा आहे. तो कुपवाडमध्ये नक्की असणार, पण त्याची आणि माझी गाठ कधी पडत नाही, कारण तो उद्योजकांच्या मेळाव्यात जातो आणि मला मैफलीत बोलावतात. माझ्याकडे रिकामे काय आहे, तर पावसाळ्यात पॉलिशचे काम मंदावते, तेव्हा लाकडी शोभेच्या वस्तूंचे हातकाम घेऊ शकतो.

आणि वादनाचा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर लोक खात असताना ठेवू नका. त्याऐवजी दहा मिनिटे जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा स्वर, लावून दाखवू द्या. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसून त्याला इतका हलका उतार द्यायचा असतो की तार त्यावर नुसती टेकत नाही, तर थरथरताना पुढे-मागे लागत राहते. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा आणि केसाएवढा पुढे-मागे करत बसायचे. एका जागी आवाज बंद असतो आणि किंचित सरकवला की एकदम उघडतो. जे लोक दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झगडतात त्यांना हे कोणत्याही भाषणापेक्षा चटकन कळेल. आम्ही ते माप कानाने घेतो, ते डायलवर घेतात. त्यातून एखाद्याने घोडीचा पहिला आकार यंत्रावर काढून द्यायची तयारी दाखवली तर माझे अर्ध्या दिवसाचे कानसकाम वाचेल.

या दहा मिनिटांचे मानधन मात्र ठरवून द्यावे, पाकीट नंतर बघू असे नको.

गाळा क्रमांक सात

खुंटी यांना एक सांगणे. फोमचे साचे कापणारी मंडळी औद्योगिक वसाहतीत आहेत, पण त्यांना किमान संख्या हवी असते. चार-पाच वाद्यनिर्मात्यांनी दोन-तीन ठरावीक मापांवर एकमत करून एकत्र मागणी दिली तर दर परवडेल. वेगवेगळ्या मापांचे एकेक खोके कोणी करून देणार नाही. घोडीच्या आकाराबद्दल नमुना आणलात तर पाहू. साहित्य तुमचे हवे, कारण लाकूड किंवा हाड धरण्याचे जबडे आमच्याकडे तयार नसतात आणि ते प्रथम करावे लागतील.

जमाखर्च यांच्या केवळ जागा द्या या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. संस्थेने चावी देऊन अंग काढून घेतले तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून तो साधा भाड्याचा मेळावा होईल आणि वाद्यनिर्माते, नेपथ्यकार, ध्वनियंत्रणावाले यांना बोलावण्याचे कोणाच्याच ध्यानात राहणार नाही.

जमाखर्च

आक्षेप योग्य आहे. हिशेब वेगळा ठेवूनही यावर मार्ग काढता येतो. प्रत्येक संध्याकाळच्या जागांपैकी ठरावीक जागा संस्थेने सुचवलेल्या कलाव्यावसायिकांना विनाशुल्क राहतील आणि प्रात्यक्षिकाचे मानधन संयोजक थेट त्या कलावंताच्या खात्यात भरतील, अशा दोन अटी परवानगीपत्रात घालाव्यात. मानधन संस्थेच्या खात्यातून फिरवू नये.

सहकार्यवाह, मिरज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे छापून मी कार्यकारिणीपुढे ठेवली. चर्चा लांबली, पण नाटक कंपन्यांचा दाखला आणि भजीची अट या दोन्हींनी ज्येष्ठ सभासदांचा विरोध बराच सौम्य झाला. तूर्त तीन संध्याकाळींपुरती परवानगी द्यायची, भाडे मैफलीच्या दराच्या दीडपट घ्यायचे, आठ जागा वाद्यनिर्माते, ध्वनी-प्रकाशयोजनाकार, मुद्रक-चित्रकार आणि संगीतशिक्षक यांच्यासाठी राखून ठेवायच्या आणि तिसऱ्या बैठकीनंतर फेरविचार करायचा, असा ठराव झाला आहे. पहिल्या वेळी जवारीचे प्रात्यक्षिक आणि थकलेल्या रकमांवरील वीस मिनिटे, एवढेच ठेवले आहे.

आता एकच गोष्ट अनिर्णित आहे. संयोजकांना सर्व सहभागींचा व्हॉट्सॲप समूह करायचा आहे आणि आमच्या संगीतशिक्षकांपैकी काहींना आपले क्रमांक त्यात नको आहेत. काय करावे?

गाळा क्रमांक सात

समूह पहिल्या बैठकीला करूच नये. दाराशी एक वही ठेवावी, तिच्यात नाव, काम आणि ‘क्रमांक इतरांना द्यावा का’ असा रकाना असावा. ज्यांनी होय लिहिले असेल त्यांचीच यादी दुसऱ्या दिवशी पाठवावी. संगीतशिक्षकांसाठी संस्थेच्या कार्यालयाचा क्रमांक द्यावा. पुढे समूह केलाच तर त्यात केवळ ‘हवे आहे’ आणि ‘देऊ शकतो’ एवढेच लिहिण्याची मुभा असावी आणि लिहिण्याचा अधिकार दोघा संयोजकांकडेच ठेवावा, नाहीतर आठवड्याभरात तेथे सुप्रभातचे संदेश सुरू होतात आणि कामाची मागणी त्यांच्याखाली गाडली जाते. फळ्याचे छायाचित्र काढून तेच यादीसोबत पाठवले तरी पुष्कळ काम भागेल. फळा माझ्याकडे आहे, बैठकीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून पाठवतो. उतरवून घ्यायला कोणाला तरी दुपारी थांबायला सांगावे.